बेअरिंग गेलं म्हणून अख्खा टब?

घरकोंबडा (धागाकर्ता)

गेले दोन महिने आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की विमान उडाल्यासारखं गर्जत होतं. आधी वाटलं, खिशातलं नाणं अडकलं असेल. फिल्टर उघडला. आत एक बटण, एक हेअरपिन आणि कशाची तरी चिंधी. ते सगळं काढलं, आवाज तसाच. मग दार उघडून ड्रम आतून धरून वर-खाली हलवला, तर खिळखिळ्या दातासारखा हलला. मशीन भिंतीपासून ओढून मागचं पत्र्याचं झाकण काढलं. मधोमध तांबूस पाण्याचे ओघळ वाळलेले.

कंपनीचा माणूस आला, ड्रम एकदा फिरवला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय." मी म्हटलं, बदला. तर म्हणे, "बेअरिंग सुटं येत नाही, टब असेंब्ली येते." म्हणजे बाहेरचा प्लास्टिकचा टब, आतला स्टीलचा ड्रम, बेअरिंग, सील, सगळं एकत्र. टबचे दोन अर्धे कारखान्यातच वितळवून जोडलेले असतात, स्क्रू नाहीतच. किंमत सांगितली ती नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त. आणि वर त्याचाच सल्ला, "त्यापेक्षा नवीनच घ्या ना."

मशीन सात वर्षांचं आहे. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे आणि मोटर अगदी ठणठणीत आहे!

इथल्या जाणकारांना विचारायचंय. हल्लीच्या वस्तू कच्च्या असतात, की त्या उघडता येऊ नयेत अशाच बनवतात? इतके दिवस मी ही एकच तक्रार समजत होतो. आता वाटतंय, दोन वेगळ्या आहेत.

जुनं_ते_सोनं

अगदी मनातलं बोललात. आमच्या वडिलांनी घेतलेला पंखा अजून गरगरतोय, वर्षातून एकदा तेलाचे दोन थेंब एवढाच त्याचा खर्च. आणि मी घेतलेले तीन पंखे भंगारात गेले. पूर्वी लोखंड वापरायचे, आता सगळं प्लास्टिक. विषय संपला.

हिशेबनीस

विषय एवढ्यात संपवू नका. तुमच्या वडिलांच्या काळातले जे पंखे पाच वर्षांत जळाले ते आज तुम्हाला दिसणार कुठे? टिकला तेवढाच डोळ्यांसमोर आहे, म्हणून सगळेच टिकायचे असं वाटतं.

दुसरं म्हणजे, जुना फ्रिज तीस वर्षं चालला हे कौतुकाने सांगताना त्याने वीज किती खाल्ली हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी फ्रिज वर्षाला साधारण १८०० युनिट घ्यायचा. आताचा त्याहून मोठा असूनही पाचशेच्या आसपास भागवतो. पुन्हा त्या जुन्या फ्रिजात आर-१२ वायू असायचा, ओझोनच्या थराला भोक पाडणारा. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला. तेव्हा जुनं ते सगळंच सोनं नव्हे, थोडं पितळही होतं. (आयडीवर टोमणा नाही, कृ.ह.घ्या.)

जुनं_ते_सोनं

घेतलं हलके. पण माझा पंखा फिरतोय तो फिरतोयच. :)

बल्बखाली_अंधार

हे सगळं ठरवून चाललंय हो. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या बड्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या आणि बल्ब १००० तासांपेक्षा जास्त चालता कामा नये असा करार केला. फीबस कार्टेल म्हणतात त्याला. ज्या कारखान्याचा बल्ब जास्त चालेल त्याला दंड! आणि तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा बल्ब अजून पेटतोय. करता येत होतं, करायचं नव्हतं.

हिशेबनीस

कार्टेल खरं, दंडही खरा. पण लिव्हरमोरचा बल्ब आज जेमतेम ४ वॉटचा उजेड देतो, देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखा. तार कमी तापवली की ती वर्षानुवर्षं टिकते, पण तेवढ्याच विजेत प्रकाश फार कमी मिळतो. १००० तास हा आकडा काही निव्वळ हवेतून काढलेला नव्हता, त्यात उजेड आणि वीज यांचा हिशेबही होता. लबाडी होती ती सगळ्यांनी मिळून तो आकडा एकमेकांवर लादण्यात आणि भाव राखण्यात.

मूळ प्रश्न वॉशिंग मशीनचा आहे. बल्बवर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे भांडायला.

पाना_पक्कड

बावीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात आहे. आधी सात वर्षं कंपनीच्या सर्व्हिसमध्ये, नंतर स्वतःचं. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं सांगतो.

टब वेल्ड का करतात? पूर्वी दोन अर्ध्यांमध्ये रबरी रिंग आणि भोवती वीस-बावीस स्क्रू किंवा क्लिपा असत. तेवढे स्क्रू आवळायला वेळ जातो आणि एखादा ढिला राहिला की मशीन गळतं. वेल्डिंगचं यंत्र एका दमात जोडतं, गळती नाही, रिंगचा खर्च नाही. कारखान्याच्या नजरेतून पाहिलं तर हा चांगला जोड आहे. फक्त तो जोड पुन्हा कधी उघडावा लागेल, हा विचार करणं त्या टेबलावरच्या कोणाचंच काम नसतं. बसून कट केला असं मी म्हणणार नाही. पण कट न करताही परिणाम तोच होतो, आणि त्यातून नवीन मशीन खपतं म्हटल्यावर बदलायची घाई कोणाला असणार?

तुमचं बेअरिंग आधी मेलेलं नाही, आधी सील मेलंय. ड्रमच्या शाफ्टवर (ज्यावर तो फिरतो त्या दांड्यावर) रबरी सील असतं, ते पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ देत नाही. साबणाची पूड आणि पाण्यातला क्षार त्याची कड झिजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात आणि विमान उडायला लागतं. ते तांबूस ओघळ त्याचेच. आवाज सुरू झाल्या-झाल्या आणलंत तर शाफ्ट वाचतो. दोन-दोन महिने चालवलंत तर शाफ्टही खाल्ला जातो.

मागे ड्रमला धरणारा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा आधार असतो, आम्ही त्याला स्पायडर म्हणतो. तोही साबणाने आणि ओलाव्याने आतून पिठूळ होतो. पांढरी भुकटी दिसली आणि नखाने खरवडून निघाली तर त्याचेही दिवस भरले समजा. ज्यांचं मशीन अजून धडधाकट आहे त्यांनी साबण मापातच घाला आणि धुणं झाल्यावर दार थोडं उघडं ठेवा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, ऐकत कोणी नाही.

निवांत_दुपार

+१. "दार उघडं ठेवा" मी घरात रोज सांगते, तेही कोणी ऐकत नाही.

पाना_पक्कड, एक विचारू का? मशीनचं जाऊ दे. कुठलीही वस्तू बंद पडली की माणूस येतो, झाकण काढतो न काढतो तोच "पीसीबी गेला" म्हणतो, म्हणजे आतला सर्किटचा बोर्ड. सगळ्यांचाच पीसीबी कसा जातो हो?

पाना_पक्कड

खरं सांगू? जातोही आणि घालवलाही जातो.

कंपनीत असताना मला दिवसाला ठरावीक कॉल संपवायचे असत. बोर्ड बदलायला दहा मिनिटं लागतात. तोच बोर्ड दुरुस्त करायचा तर मीटर घेऊन बसावं लागतं, सर्किटचा नकाशा लागतो, आणि तो आम्हालाही देत नसत. एक रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बदलून मशीन चालू केलं तर कागदावर तो 'पार्ट' दिसत नाही, उलट पुन्हा तक्रार आली तर माझ्या नावावर. मग कोण कशाला डोकं लावील?

आता खरोखर का जातो ते. सर्किटवर छोट्या डब्यांसारखे उभे कपॅसिटर असतात, त्यांच्या आत ओल्या रसायनाचा थर असतो आणि तो उष्णतेने हळूहळू वाळतो. अशा कपॅसिटरवर लिहिलेलं असतं '१०५ अंश', आणि त्याच्या माहितीपत्रकात आयुष्य असतं, समजा २००० तास. याचा अर्थ १०५ अंशांना २००० तास. साधारण नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ६५ अंशांना ठेवलात तर झाले ३२,००० तास. ऐकायला भरपूर वाटतात. पण फ्रिजचा बोर्ड चोवीस तास चालू असतो, वर्षाचे होतात ८७६० तास. म्हणजे पावणेचार वर्षंसुद्धा पुरत नाहीत. तोच कपॅसिटर बोर्डावर जरा गार जागी, ४५ अंशांत ठेवला असता तर साडेचौदा वर्षं गेला असता. माल तोच, खर्च तोच, फक्त जागा बदलली.

मी उघडलेल्या कित्येक बोर्डांवर तो डबा तापणाऱ्या भागाला अगदी खेटून बसवलेला असतो. सवयीने लक्षात यायला लागलंय, डोक्यावर फुगलेला डबा दिसला की शेजारी गरम ॲल्युमिनियमची पट्टी असणारच.

आणि हल्ली काही बोर्ड पारदर्शक डिंकासारख्या रबरात पूर्ण बुडवून देतात. ओलावा आणि झुरळं यांपासून वाचवायला ते चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण आतला एक रिले बदलायचा तर तासभर खरवडत बसा.

हिशेबनीस

हा प्रतिसाद धाग्यात वर चिकटवायला हवा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

निवांत_दुपार

मग माझा किस्सा सांगते. फ्रिज गार होईना. मागून दर दोन-तीन मिनिटांनी 'घुंं... टक्'. माणूस आला, म्हणाला कॉम्प्रेसर गेला, फ्रिज जुना, आता कशाला खर्च करता. पण जाता-जाता तो कॉम्प्रेसरला बाहेरून लावलेला काळा डबा काढून बघून परत न लावताच गेला (घाईत असावा). माझ्या भाचीने तो हातात घेऊन सहज हलवला, तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज. ती म्हणाली, मावशी, हा असा वाजायला नको ना? दुकानातून तसाच नवीन आणला, प्लग काढून ठेवला होता, तीन पिनांवर दाबून बसवला. तीन वर्षं झाली, फ्रिज सुरू आहे.

पाना_पक्कड

भाचीला माझ्याकडे पाठवा, शिकाऊ म्हणून लगेच घेतो.

तो स्टार्टिंग रिले. आत एक सिरॅमिकची चकती असते, ती तडकली की तुकडे वाजतात. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, घुमतो, मग तापू नये म्हणून ओव्हरलोड (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग) टक् करून त्याला बंद करतो. तुमचं 'घुंं, टक्' म्हणजे हेच. कॉम्प्रेसर गेला तरी आवाज असाच येतो, म्हणून आधी रिले हलवून बघायचा, अर्ध्या मिनिटाचं काम.

एक विनंती मात्र सगळ्यांना. हे वाचून कोणी मायक्रोवेव्ह उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली राहू शकते. आत ठिणग्या उडत असतील तर बहुतेक वेळा बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा तेल-चिकटाने जळालेला असतो. तो आतल्या बाजूनेच निघतो, बाहेरचं आवरण उघडावं लागत नाही. त्यापलीकडे हात घालू नका.

कलम_क्रमांक

तांत्रिक बाजू छान चालली आहे, मी कायद्याचं थोडं टाकतो, कारण धागाकर्त्याच्या बेअरिंगचा उल्लेख चक्क कायद्यात आहे.

युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनसाठी नियम लागू केले. एखादं मॉडेल शेवटचं बाजारात आल्यापासून किमान १० वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि मागणी केल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत पोचले पाहिजेत. ते नेहमीच्या अवजारांनी, वस्तूचं कायमचं नुकसान न करता बदलता आले पाहिजेत. दार, दाराची रबरी कड, साबणाचा खण असे भाग सामान्य ग्राहकालाही मागवता येतात. मोटर, पंप, पीसीबी वगैरे फक्त व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना.

आता गंमत बघा. त्या यादीत ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग यांच्यापुढे कंसात लिहिलंय, 'सुटे किंवा एकत्र'. झालं. कंपनी म्हणाली आम्ही एकत्र देतो, तर नियम पाळलाच की. तुमची टब असेंब्ली त्या तीन शब्दांच्या फटीतून थेट बाहेर आली आहे.

फ्रान्सने त्याच वर्षी जानेवारीपासून वस्तूवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणं सक्तीचं केलं. भाग सोडवायला किती सोपे, सुटे भाग मिळतात का, ते मूळ किमतीच्या मानाने किती महाग, असे निकष. २०२५ पासून वॉशिंग मशीन आणि टीव्हीला त्याऐवजी टिकाऊपणाचा गुणांक लागू झाला. आणि २०२४ साली युरोपीय संघाने दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा निर्देश काढला. तो सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे.

बल्बखाली_अंधार

म्हणजे कायद्याने पळवाट छापून दिली. आणि मी बोललो तर मी कटवाला.

कलम_क्रमांक

कट नसेलही. मसुद्यावर चर्चा होताना उद्योगांचे प्रतिनिधी टेबलापाशी असतात, बेअरिंगचा आवाज ऐकत जागा राहणारा माणूस नसतो. एवढाच फरक.

झटपट_रंगारी

सगळं मान्य, पण मला वेळ नाही हो. दोन दिवस रजा टाकून मशीन उघडत बसण्यापेक्षा नवीन घेतलेलं परवडतं. माझ्या वेळेलाही काही किंमत आहे.

घरकोंबडा (धागाकर्ता)

@झटपट_रंगारी, तुमचं चूक नाही. माझाही वेळ फुकटचा नाही. पण नवीन घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याला एकच विचारलं, "याचा टब उघडतो का?" त्याने ड्रमच्या आतल्या दिव्याचा रंग दाखवला, मोबाइलवरून सुरू करून दाखवलं, वाफेची सोय दाखवली. टबाचं त्यालाही माहीत नव्हतं. तिथून परत आलो ते चिडूनच.

पाना_पक्कड, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. टब कापायचा झाला तर कसा, ते सांगाल का?

पाना_पक्कड

इथेच सांगतो, सगळ्यांना उपयोगी पडेल. प्लग काढा, नळाचा पाइप काढा, टब बाहेर घ्या. बाहेर काढताना प्रत्येक वायरचा आणि पाइपचा फोटो काढत जा. मग कापण्याआधी जोडाच्या कडेने दर दोन बोटांवर आरपार भोकं पाडा. आधी भोकं, मग कापणं. हा क्रम चुकलात तर दोन अर्धे परत एकमेकांसमोर येणार नाहीत. कापायला हॅकसॉचं पातं बरं, ग्राइंडर नको, प्लास्टिक वितळून चकतीला चिकटतं. परत जोडताना सिलिकॉन, स्क्रू-नट, आणि चोवीस तास वाळू द्यायचं. सगळ्यांना जमेल असं नाही, हेही लिहून ठेवतो.

घरकोंबडा (धागाकर्ता)

(नऊ दिवसांनी)

उशिरा अपडेट देतोय, माफी असावी. बोटं दुखत होती.

कापला! दीड संध्याकाळ लागली. प्लास्टिक वाटलं त्यापेक्षा जाड निघालं, पातं दोनदा बदललं. दोन अर्धे सुटले तेव्हा आत ड्रमच्या मागच्या बाजूला साबणाची राखाडी साय, तळहाताएवढ्या जाडीची म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर बोटाएवढी. स्पायडर कडेने जरासा पिठूळ आहे, पण नखाने निघत नाही. शाफ्टवर पुसट रेघ उमटली आहे, बोटाला लागते न लागते इतकी.

बेअरिंग दोन होती. मागचं हातोडीच्या दोन घावांत निघालं, पुढचं निघायला अर्धा तास. गंजाने लाल झालेलं, फिरवलं तर वाळू दळल्यासारखं. रॉकेलने पुसलं तर कडेवर आकडे दिसले, ६२०६. दुसऱ्यावर ६२०५. ६२०६ म्हणजे आतलं भोक ३० मिलिमीटर, बाहेरून ६२, जाडी १६. जगात कुठेही जा, कुठल्याही कंपनीचं घ्या, माप हेच. मशीनच्या कंपनीने जे 'सुटं मिळत नाही' म्हणून सांगितलं ते बेअरिंगच्या दुकानात फळीवर डझनाने होतं. दुकानदाराने विचारलंही नाही कशाला हवंय.

नवीन बसवली, सील बदललं, सिलिकॉन भरलं, चौतीस स्क्रू. पहिल्यांदा रिकामं चालवलं. एका स्क्रूतून थेंब-थेंब गळलं, तो काढून पुन्हा सिलिकॉन लावून आवळला. काल पहिल्यांदा चादरी धुतल्या. पिळताना मी शेजारच्या खोलीत होतो, संपलं कधी ते कळलंच नाही.

निवांत_दुपार

वा! फोटो टाका ना प्लीज.

जुनं_ते_सोनं

जिंकलात. आता दार उघडं ठेवा.

झटपट_रंगारी

मानलं बुवा. मी तरी नवीनच घेईन, पण मानलं.

सातच्या_आत_घरात

नवीन सदस्य आहे, आमचंही मशीन कालपासून विमान. सील कुठलं आणलंत? दुकानात मॉडेल नंबर सांगितला तर नाही म्हणतात.

घरकोंबडा (धागाकर्ता)

मॉडेल नंबर सांगूच नका. जुन्या सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पुसट असतात, कडेला तिरका उजेड टाकून बघा. नाहीच दिसले तर व्हर्नियरने शाफ्ट आणि खोबण मोजून तेवढं माप सांगा. आणि जुनं सील फेकू नका, सोबत घेऊन जा. मी फेकलं होतं, दुसरी चक्कर पडली.